स्पेशल वेगळं, डॉक्युमेंट्री वेगळी

परवा इंदूरला रामबागेत मावशीकडे पोहे-जलेबी खाताना मावसभाऊ म्हणाला, त्या कॉमेडियन झाकीर खानची डॉक्युमेंट्री बघितली, एक नंबर. म्हटलं भिया, ते 'हक से सिंगल', २०१७चं, ते स्पेशल आहे, म्हणजे स्टेजवरचा त्याचा अख्खा शो रेकॉर्ड केलेला, डॉक्युमेंट्री नाही. तर म्हणे फरक काय, माणूस तोच, माइक तोच, रडगाणं तेच! झाकीर इंदूरचा म्हणून इथे सगळ्यांना तो घरचाच वाटतो, ते सोडा, पण फरक आहे हो.

अमेरिकन कॉमेडियन जेरी साइनफेल्डचं बघा, त्याचं दोन्ही आहे. १९९८ मध्ये त्याची टीव्ही सिरियल संपली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या थिएटरातून त्याने स्पेशल केलं, जुने जोक शेवटचे म्हणून. सगळं घोटलेलं, हशा कुठे येणार ते त्याला पाठ. मग २००२ची 'कॉमेडियन' ही डॉक्युमेंट्री, तिच्यात हाच एवढा मोठा माणूस छोट्या क्लबात नवे जोक घेऊन उभा आणि मधेच विसरतो, लोक वाट बघतायत आणि पुढचं काही आठवतच नाही.

पण मला विचाराल तर ती फिल्म ऑर्नी ॲडम्सची आहे. तरुण कॉमेडियन, कायम धुसफुसत असलेला. दोस्त पैसे कमावतायत, घरं घेतायत, माझं काय, असं तो थेट साइनफेल्डलाच विचारतो आणि त्याला कळतच नाही की हा विचारतोय तरी काय. टीव्हीवर लेटरमनच्या शोमध्ये चान्स मिळतो तर जोकमधलं ल्युपस काढून सोरायसिस म्हणा असं सांगतात, झालं, एका आजाराच्या नावावरून याचा जीव वरखाली.

आता वैताग स्पेशलमध्येही असतो, झाकीरचं एकटेपण काय खोटं आहे का, पण तिथे तो शंभरदा बोलून बोलून बसवलेला असतो, पॉजसकट. डॉक्युमेंट्रीत वैताग हशा संपल्यावर सुरू होतो. इथे सानंद या संस्थेचं नाटक खुर्चीत बसून बघणं आणि विंगेत उभं राहून बघणं, तसंच काहीसं. मी एकदा विंगेत होतो, टाळ्या घेऊन आत आलेला नट घाम पुसत पहिलं काय बोलला तर, "तिसरी रांग का नाही हसली?"

अर्थात डॉक्युमेंट्री म्हणजे सगळं जसंच्या तसं असंही समजू नका, कात्री तिथेही चालते, ऑर्नी किती चिडका दिसावा हे शेवटी एडिटिंगच्या टेबलावर ठरतं, त्यामुळे त्याला नावं ठेवताना जरा जपून.

मावसभावाने रात्री लावली म्हणे ती. अर्ध्या तासाने मेसेज आला, "भिया, यात हसायचं कधी?"