4294967297: फेर्माचा अंदाज फसला ती संख्या

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी परवा जादा पैसे मोजून नवा मोबाइल नंबर घेतला. का, तर ‘टोटल पाच येते, बुधाचा अंक!’ मी म्हटलं, मग 4294967297 घ्यायचात की. दहा आकडीच आहे. बेरीज 59, तिची 14, तिची 5. त्यांनी तो चक्क लिहून घेतला. आपल्याकडे मोबाइल नंबर 4ने सुरू होत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

बेरजेत काही नाही हो. ही संख्या म्हणजे 2³² + 1, आणि तिच्यापाशी फेर्मासारखा मोठा फ्रेंच गणिती घसरला. 2चा 1, 2, 4, 8, 16वा घात घेऊन 1 मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 येतात. सगळ्या मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळ संख्याच मिळतील, असं त्याला 1640च्या सुमारास वाटलं. पुढची पायरी आपली दहा आकडी. 1732 साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं, की ती मूळ नाही: 641 × 6700417.

हा 641 आला कुठून? या संख्येचा कुठलाही विभाजक 64च्या पटीपेक्षा 1ने जास्त असावा लागतो. मग तपासायच्या मूळ संख्या उरतात 193, 257, 449, 577 आणि 641. पाचव्या भागाकारात काम फत्ते! आणि 64ची ही अट निघते फेर्माच्याच प्रमेयातून, जे त्याने 1640मध्येच पत्रातून कळवलं होतं. पाच भागाकार केले असते तर...

भागाकाराशिवायही हे दिसतं, आणि माझा जीव अडकलाय तो इथे. 641 दोन तऱ्हांनी लिहा: 640 + 1 आणि 625 + 16. 640 म्हणजे 5 × 2⁷. 641ला एक कमी, म्हणून 641ने भागल्यावर बाकी −1 धरू (‘दहाला पाच कमी’ म्हणतो तसं). चौथा घात करा. उणे एक चारदा गुणला की अधिक एक, तेव्हा 5⁴ × 2²⁸ची बाकी 1. पण 5⁴ म्हणजे 625, 641ला 16 कमी, म्हणजे बाकी −2⁴. तिथे ते बसवा: −2⁴ × 2²⁸, म्हणजेच −2³², याची बाकी 1. मग 2³²ची −1, आणि त्यात 1 मिळवला की शून्य. कागद-पेन्सिल घेऊन एकदा कराच. नुसतं वाचून हे निसटतं.

65537नंतर या माळेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. 2चा 1048576वा घात अधिक 1 ही संख्या 315653 आकडी. ती मूळ नाही हे 1980च्या दशकातच संगणकाने सिद्ध झालं, पण 1 आणि ती स्वतः सोडून तिचा एकही विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.