तुटलेला पार्ट घेऊन येताना
जिनिंग, दालमिल, पाइप व चटई कारखाने, मिरची कांडप आणि शेतीयंत्रांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शाफ्ट, पिन, बुश, कपलिंग आणि गिअर बनतात. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच : "भाऊ, जसा शे तसाच करी द्या." त्यावर आम्ही प्रश्न विचारायला लागतो. मशीन कोणतं, आरपीएम किती, मोटार किती एचपीची, हा शाफ्ट आधी कुणी बदलला होता का. हंगामात जिनिंग बंद, कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या, आणि समोरचा माणूस चौकशा करतोय म्हटल्यावर राग येणं साहजिक आहे. म्हणून हे प्रश्न कशासाठी असतात आणि बिलात 'तपासणी' अशी वेगळी ओळ का असते, ते एकदा लिहूनच देतोय.

आम्ही विमानाचे पार्ट बनवत नाही. विमान उद्योगाचं एएस ९१०० किंवा मोटार उद्योगाचं आयएटीएफ १६९४९, यांपैकी एकही प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. धुळ्याहून आग्रा रोडने नाशिककडे जाताना ओझर लागतं, तिथे एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० विमानं जोडली जातात; त्या कामाशी बरोबरी सांगण्याचा प्रश्नच नाही. पण या दोन्ही उद्योगांनी नुकसान सोसून, कधी माणसं गमावून ज्या पद्धती बसवल्या, त्या सगळ्यांसाठी उघड्या आहेत. आमच्या कामाला लागू पडतात तेवढ्या आम्ही उचलल्या.

"जसा आहे तसाच" का करत नाही

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले. ही काच उड्डाणाच्या जेमतेम २७ तास आधी नवी बसवलेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.६६ मिमी कमी निघाला. रात्रपाळीत जुना बोल्ट हातात धरून, त्याच्याशी नजरेने ताडून नवे बोल्ट काढले होते. दोन्ही मापांना इंचात ३२ आटेच असतात, त्यामुळे बारीक बोल्टही आत फिरला आणि आवळल्यासारखा वाटला.

आमच्या दृष्टीने खरी शिकवण पुढेच आहे. नमुना म्हणून घेतलेला जुना बोल्टसुद्धा बरोबर नव्हता. लांबीला तो सुमारे अडीच मिमी कमी होता, तरी इतके दिवस तग धरून होता. म्हणजे नक्कल अगदी तंतोतंत जमली असती तरी ती चुकीचीच झाली असती.

आमच्या टेबलावर रोज येतं ते याच जातीचं असतं. ४० मिमीच्या बेअरिंगखालची जागा ३९.९३ भरते, आणि तिच्यावर डॉट पंचाचे ठिपके असतात, कारण मागच्या वेळी बेअरिंग सैल झालं तेव्हा कुणीतरी ठिपके मारून ते टाइट केलं. आता 'तसाच' म्हणजे कसा? ३९.९३ चा की ठिपक्यांचा? बेअरिंगच्या कॅटलॉगप्रमाणे अशा साध्या कामाला k६ फिट (बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसावं याचा ठरलेला वर्ग) घेतला, तर तिथे ४०.००२ ते ४०.०१८ मिमी माप हवं. ते झिजलेल्या शाफ्टवर सापडत नाही, बेअरिंगच्या नंबरावरून काढावं लागतं. म्हणून शाफ्टसोबत जुनं बेअरिंगही आणा म्हणतो.

शाफ्ट का तुटतो

पट्ट्याचा ताण कायम एकाच बाजूने असतो, पण शाफ्ट फिरत असतो. त्यामुळे त्याच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. १४४० आरपीएमला हे तासाला ८६,४०० वेळा होतं. मशीन रात्रंदिवस चाललं तर पाच दिवसांत आकडा एक कोटीच्या वर जातो. हाताने तुटत नसलेली तार पुढेमागे वाकवत राहिलं की तुटते, तोच हा प्रकार. रेल्वेचे एक्सल असे का तुटतात हे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रयोग करून दाखवलं होतं. विमानवाल्यांना तो धडा १९५४ मध्ये पुन्हा शिकावा लागला. त्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेतच फुटली. मग एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या अंगात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला. खऱ्या उड्डाणांच्या १,२२१ फेऱ्या धरून ३,०५७ फेऱ्यांना ते फाटलं. पत्र्यात जिथे भोक कापलं होतं, त्याच्या कोपऱ्याशी ताण गोळा होत होता.

शाफ्टवर असे कोपरे दोन : जिथे व्यास बदलतो ती पायरी, आणि चावीचा गाळा, म्हणजे पुली शाफ्टवर पकडून ठेवणारी चावी बसते ती खाच. लेथवर टोकदार टूलने पायरी एकदम काटकोनात काढली की दिसायला झकास दिसते, पण तडा तिथूनच सुरू होतो. आम्ही तिथे गोलाई ठेवतो. ती मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही, कारण बेअरिंगच्या कोपऱ्याला ती अडली तर बेअरिंग पूर्ण बसत नाही. ६२०८ नंबरच्या बेअरिंगला १ मिमीच्या वर जाता येत नाही. ईएन ८ आणि ईएन २४ या पोलादाच्या जाती. बरेच ग्राहक म्हणतात, "ईएन एट नको, ईएन चोवीस टाका, मग नाही तुटणार." ईएन २४ मजबूत आहेच. पण जितकं पोलाद कडक, तितकं ते अशा कोपऱ्याबाबत नाजूक. कोपरा तसाच ठेवून माल महाग केला तर पैसे जातात आणि शाफ्टही जातो.

म्हणून तुटलेलं तोंड आम्ही भिंगाखाली बघतो. त्यावर बहुधा दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, काळपट, त्यावर कडेकडून आत सरकलेल्या कमानीसारख्या बारीक रेषा. हा तडा हळूहळू वाढत गेला तो भाग. दुसरा खरबरीत, दाणेदार, चकाकणारा. शेवटच्या क्षणी मोडला तो. दाणेदार भाग अगदी लहान असेल तर भार फार नव्हता, कोपऱ्याने किंवा ओरखड्याने घात केला. मोठा असेल तर भारच जास्त होता. तेव्हा व्यास, माल किंवा पट्ट्याचा ताण यांचा विचार करावा लागतो. या बघण्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तपासणीच्या पैशांतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच आहे असं आमचं मत आहे.

वेगात फिरणारा तुटका शाफ्ट वेल्डिंग करून आम्ही देत नाही. वेल्डच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि आत ताण राहून जातो. संथ कन्व्हेअरची गोष्ट वेगळी, तो बघून ठरवू.

मे महिन्यातली मापं

मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला सहज टेकतो, आणि ग्राइंडिंगवरून उतरलेला जॉब त्याहून गरम असतो. पोलादाचा १०० मिमी व्यासाचा शाफ्ट २५ अंशांनी तापला की सुमारे ०.०२९ मिमी फुगतो. त्याच मापाला k६ मध्ये चालणाऱ्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मापातला फरकच ०.०२२ मिमी. म्हणजे गरम जॉब 'ओके' म्हणून पास केला, तर थंड झाल्यावर तो मापातून खाली उतरलेला असू शकतो. ॲल्युमिनियम तर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. यासाठी शेवटचं माप आम्ही सकाळी घेतो. जॉब आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेवून, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होतं. "काल संध्याकाळीच झाला होता ना, मग दिला का नाही" याचं उत्तर हे आहे.

नटावरची पिवळी रेघ

आम्ही बसवून दिलेल्या कपलिंगच्या नटावरून खालच्या पार्टपर्यंत पेंटची एक पिवळी रेघ असते. विमानाच्या देखभालीतली ही पद्धत. टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, नट आवळला की रेघ मारायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ती पुसू नका, आणि त्यावर रंग मारू नका. आठवड्यातून एकदा टॉर्चने बघितलं तरी पुरे.

आटे कोरडे की तेलाचे, हे आम्ही पत्रकावर लिहून देतो. पाना जेवढा जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकी सगळा घर्षणात जातो. तेल लावलेल्या बोल्टला कोरड्याचा टॉर्क दिला तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. बदलताना डोक्यावर ८.८ (ही बोल्टच्या ताकदीची खूण) लिहिलेल्या बोल्टच्या जागी बिनखुणेचा बोल्ट घालू नका.

साइटवर येणारा आमचा फिटर काम झाल्यावर हत्यारांची पेटी उघडून पाने मोजतो. पेटीत प्रत्येक पान्याचा आकार कापलेला आहे, रिकामा खाच लगेच दिसतो. विमानात विसरलेला पाना काय करेल ते सांगायला नको. जिनिंगमध्ये लोखंडाचा तुकडा कापसाबरोबर मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते, आणि आग किती वेळात गंजीपर्यंत पोचते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. एखादा पाना मोजणीत कमी भरला तर तो सापडेपर्यंत मशीन चालू करू देऊ नका, आमच्या माणसाने घाई केली तरी.

मोटार उद्योगाकडून घेतलं ते थोडं

मोटारवाल्यांच्या बऱ्याच पद्धती हजारोंच्या मालासाठी आहेत. एकच शाफ्ट करताना कंट्रोल चार्ट, म्हणजे नगामागून नगाच्या मापांचा आलेख, काढून काय करणार? पण बुशची पाचशेची बॅच असली की पहिला नग पूर्ण मोजून, सही होऊन मशीनशेजारी ठेवला जातो, आणि गो-नो गो गेजला (नग मापात आहे की नाही एवढंच सांगणारं गेज) न उतरलेला नग आला की मशीन थांबतं. चुकीवर थांबण्याची ही कल्पना टोयोटाची म्हणून ओळखली जाते, पण तिचं मूळ मागात आहे. साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. धुळ्याच्या यंत्रमागवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

कपलिंगच्या दोन भागांतली एक पिन आम्ही मुद्दाम मध्यापासून सरकवून बसवतो, म्हणजे ते उलटं जुळतच नाही. "भोक चुकलंय" म्हणून ते मोठं करू नका. कपलिंग अर्धा फेरा फिरवा.

प्रत्येक जॉबला नंबर असतो आणि तो शाफ्टच्या तोंडावर कोरलेला असतो, अंगावर कधीच नाही, कारण पंचाचा खड्डाही तड्याला जागा देतो. त्या नंबरावर माल कोणत्या बारचा, हार्डनेस किती, शेवटची मापं काय, हे आमच्या वहीत सापडतं. पुढच्या वेळी फोनवर नंबर सांगितला तरी काम सुरू होतं, आणि तेव्हा ड्रॉइंगचे पैसे लागत नाहीत.

येताना काय आणायचं

तुटलेले सगळे तुकडे आणा, एकच नको. तुटलेली तोंडं रॉकेलने धुऊ नका, ब्रश मारू नका, आणि एकमेकांवर बसवून जुळतात का ते बघू नका. रेषा घासल्या जातात. तेलाच्या फडक्यात वेगवेगळं गुंडाळलं की झालं. मशीनवर शाफ्ट बसतो त्या जागेचा, पुली आणि पट्ट्यासकट, मोबाइलवर फोटो काढा. मोटारीच्या प्लेटचाही एक काढा. मागच्या हंगामानंतर मोटार किंवा पुली बदलली असेल तर ते न विचारता सांगा.