आधी उजेड, मग शिक्का

जुना इंग्लिश कप हाती आला की माणूस आधी तो पालथा करतो. बुडाशी शिक्का सापडला की झालं काम, अशी समजूत. अठराव्या शतकातल्या कपांबाबत ही समजूत महागात पडते. त्या काळच्या कितीतरी कपांवर शिक्काच नसतो, आणि असलाच तर तो दुसऱ्या कुणाचा तरी उचललेला असू शकतो. इंग्लंडमधल्या वुस्टरच्या कारखान्याने चिनी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या खुणा रंगवल्या, जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या शिक्क्यातल्या तलवारीही ढापल्या. लंडनच्या चेल्सी कारखान्याची खूण, म्हणजे जहाजाचा सोनेरी नांगर, तर पुढे पॅरिसच्या सॅमसन कंपनीने आपल्या नकलांवर सर्रास काढली. खरा नांगर असतो जेमतेम काही मिलिमीटरांचा. बुडाच्या मधोमध ऐटीत बसलेला ठळक नांगर दिसला, तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

माती मात्र सहसा खोटं बोलत नाही. चिनी पोर्सिलेनचं रहस्य केओलिन या पांढऱ्या मातीत होतं. माइसेनने ते 1710 च्या सुमारास उलगडलं, पण 1740 च्या दशकात इंग्लंडमध्ये कारखाने निघाले तेव्हा त्यांच्या हाती ही माती नव्हती. मग जो तो आपापली युक्ती लढवू लागला. लंडनजवळच्या बो कारखान्याने मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख घातली. वुस्टरने 1751 पासून कॉर्नवॉलचा सोपस्टोन वापरला, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याचाच भाऊबंद. त्याचा फायदा थेट चहाच्या टेबलावर दिसला: उकळतं पाणी ओतल्यावर इतरांची भांडी तडकत, वुस्टरची टिकत. कॉर्नवॉलमध्येच केओलिन शोधून विल्यम कुकवर्दीने अस्सल चिनी पद्धतीच्या पोर्सिलेनचं पेटंट घेतलं ते 1768 मध्ये. अखेर 1800 च्या आसपास स्पोडच्या कारखान्यात बोन चायनाचं प्रमाण बसलं: निम्मी हाडांची राख, उरलेल्या निम्म्यात केओलिन आणि चायना स्टोन नावाचा दगड. इंग्लंडने पुढे तेच धरून ठेवलं.

या पाककृती डोळ्यांना दिसतात. अंधाऱ्या खोलीत कपाच्या आत मोबाइलचा टॉर्च धरा. सोपस्टोनचा जुना वुस्टर कप बहुधा हिरवट झळकतो, केओलिनचा थंड, निळसर-करडा, आणि बोन चायना स्वच्छ दुधाळ. एवढ्यावर निकाल देऊ नये, पण चेल्सीचा म्हणून दाखवलेला कप थंड करडा दिसला तर सॅमसनच्या केओलिनच्या नकलांची आठवण यावी. वुस्टरसाठी संग्राहक आणखी एक गोष्ट करतात. बुडाच्या कड्याच्या आतल्या बाजूने पेन्सिलचं टोक फिरवतात. तिथे झिलईचा थर किंचित मागे सरकून एक अरुंद, कोरडी रेघ उरलेली असते. झिलईवर पेन्सिल घसरते, कोरड्या रेघेवर उमटते. लिव्हरपूलच्या काही कपांतही हे आढळतं, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरत नाही.

प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली प्रत्येक मूलद्रव्य आपली ओळख देतं: फॉस्फरस म्हणजे हाडं, मॅग्नेशियम म्हणजे सोपस्टोन. रंगही पकडले जातात. क्रोमियमचा शोध 1797 चा. म्हणजे 1770 चा म्हणवणाऱ्या कपावरच्या हिरव्या पानांत क्रोमियम निघालं, तर पानं नंतर रंगवलेली आहेत. कप खरा, नक्षी मागाहूनची, असे नमुने बाजारात असतात. साध्या जुन्या कपाला भारी नक्षी चढवली की भाव वाढतो ना!

कपाच्या कानाचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे बरेच कप बिनकानाचेच, चिनी वाटीसारखे. 1800 च्या सुमारास सरळ उभ्या अंगाचा ‘ब्यूट’ कप चालला आणि 1812 नंतर कोनदार कानाचा ‘लंडन’ आकार.

एकोणिसाव्या शतकात मात्र बुडाशी विश्वासू साक्षीदार येतो, आणि तो सरकारी आहे. 1842 ते 1883 या काळात नोंदवलेल्या डिझाइनवर चौकटच्या पत्त्यासारखी खूण असे. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात रोमन चार, म्हणजे मातीची भांडी. कोपऱ्यांतली अक्षरं आणि आकडे वर्ष, महिना, दिवस सांगतात. गंमत अशी की 1868 मध्ये जागा बदलल्या. ‘एस’ हे वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असेल तर 1849, उजव्या कोपऱ्यात असेल तर 1875. तारीख डिझाइन नोंदवल्याची. कप त्यानंतर कधीही भाजलेला असू शकतो. 1884 पासून नुसते क्रमांक सुरू झाले, 1 पासून. 1900 साल येईतो ते साडेतीन लाखांवर गेले.

अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलेला कप साधारण 1891 नंतरचा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा आजीच्या कपाटात जे दिसतं ते ‘मेड इन इंग्लंड’ बहुतेक विसाव्या शतकातलं. ‘बोन चायना’ हे शब्दही बुडाशी सहसा तेव्हाच आले. असा कप कुणी तरुण व्हिक्टोरिया राणीच्या काळातला म्हणून पुढे केला, तर भाव निम्म्यावरून सुरू करायला हरकत नाही.