कॅमोमाइल : खानदेशातील परसबागेत

कॅमोमाइल किंवा बाबुना ही सूर्यफुलाच्या कुलातील सुगंधी, वर्षायू वनस्पती मूळची यूरोप व पश्चिम आशियातील असून तिचे शास्त्रीय नाव मॅट्रिकेरिया कॅमोमिला आहे. रोप ३० ते ६० सेंमी. उंच वाढते. फुलाच्या कडेला पांढऱ्या पाकळ्या व मधोमध पिवळी घुमटी असते. घुमटी उभी चिरल्यास आतून पोकळ दिसते. रोमन कॅमोमाइल या बहुवर्षायू जातीत ती भरीव असते.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत चढत असल्यामुळे थंडी मानवणारी ही वनस्पती येथे रब्बी हंगामातच घ्यावी लागते. पेरणी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी, कारण उशीर झाल्यास ऐन फुलोरा मार्चच्या उन्हात सापडतो. बी धुळीसारखे बारीक असते व उगवणीसाठी त्याला उजेड लागतो. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावे आणि मातीआड न करता तळहाताने हलके थोपटावे. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा तीत वाळू व थोडे कुजलेले शेणखत घालून गादीवाफा करावा किंवा सरळ कुंडी वापरावी. खत जास्त झाल्यास पाला माजतो आणि फुले लांबतात.

खुरपणी मात्र जपून करावी लागते. गाजरगवताची कोवळी रोपेही अशीच चिरलेल्या पानांची असल्यामुळे तणासोबत कॅमोमाइल उपटले जाण्याचा संभव असतो. पान चुरगळून येणारा गोडसर, सफरचंदासारखा वास ही कॅमोमाइलची सोपी खूण होय. दोन्ही वनस्पती एकाच कुलातील असल्याने ज्यांना गाजरगवताची किंवा शेवंतीची ॲलर्जी आहे त्यांनी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा टाळावा.

पेरणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी फुले येऊ लागतात. पाकळ्या आडव्या पसरल्या असताना, दव सुकल्यावर, फुले देठाविना खुडावीत. पाकळ्या खाली झुकू लागल्या की फूल जून झाले असे समजावे. खुडलेली फुले सुपात एकेरी पसरून सावलीतच वाळवावीत, कारण उन्हात त्यांतील सुगंधी तेल उडून जाते. चहासाठी चमचाभर सुकी फुले कपभर उकळत्या पाण्यात घालून पाच ते दहा मिनिटे झाकण ठेवावे. फुले पाण्यात घालून उकळत बसू नये. हा चहा पिवळसर होतो. कॅमोमाइल तेलाचा प्रसिद्ध निळा रंग वाफेने ऊर्ध्वपातन करताना तयार होणाऱ्या कॅमॅझुलीनमुळे येतो. मूठभर फुलांसाठी तो खटाटोप घरी करण्यात अर्थ नाही. झोपेसाठी व पोटातील वातासाठी हा चहा पूर्वापार घेतला जातो, परंतु रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.