काचेआधी शिंपले: गोव्याच्या चर्चमधल्या खिडक्यांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या चर्चमधल्या रंगीत काचचित्रांविषयी बोलायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. जुन्या गोव्याची मोठी चर्चे उभी राहिली तेव्हा त्यांच्या खिडक्यांत रंगीत काच हा महत्त्वाचा भागच नव्हता. तिथे उजेड आला तो शिंपल्यांतून. युरोपातली चर्चे छायाचित्रांत पाहून आलेल्यांना ही उणीव वाटते. मला ती उणीव मुळीच वाटत नाही. त्यामागची कारणे पाहिली की त्या खिडक्यांबद्दलचा आदर वाढतोच.

काचचित्रांची परंपरा गॉथिक वास्तुकलेसोबत वाढली. छताचा भार खांबांवर आणि बाहेरच्या टेकूंवर गेल्यामुळे भिंतींत प्रचंड उघड्या जागा ठेवता आल्या आणि शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या रंगीत काचांनी त्या भरल्या. पोर्तुगालमध्ये मात्र ही कला फ्रान्स-जर्मनीइतकी फोफावली नाही. बाताल्या इथल्या मठात पंधराव्या शतकात काचचित्रे झाली, तीही बाहेरून आलेल्या कारागिरांच्या मदतीने. पोर्तुगीज मनाला चर्चचा रंग भिंतीवर आणि वेदीवर हवा होता: निळ्या-पांढऱ्या फरशांत, सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीवकामात.

पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले. पण आज आपण पाहतो ती बहुतेक मोठी बांधकामे नंतरची आहेत. से कॅथेड्रलचे काम 1562 मध्ये सुरू झाले, बॉं जेझूस 1594 ते 1605 या काळातले, आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे आजचे चर्च 1661 चे. तोवर युरोपातच हवा पालटली होती. कॅथलिक चर्चची ट्रेंट इथली धर्मपरिषद 1545 ते 1563 या काळात झाली. तिच्यानंतरच्या चर्चमध्ये भाविकांना वेदीवरचा विधी स्पष्ट दिसावा, प्रवचन नीट ऐकू यावे, यावर भर आला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने रोममध्ये बांधलेल्या जेझू चर्चचा आदर्श सर्वत्र पसरला. आत शिरल्यावर नजर थेट सोनेरी वेदीकडे गेली पाहिजे, हा त्याचा हेतू. गडद निळ्या-लाल काचांनी आतला भाग अंधारवला तर तो साधत नाही.

शिवाय बांधकामच वेगळे. इथे चिऱ्याच्या जाड भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, आणि वर्षातले चार महिने कोसळणारा पाऊस. अशा भिंतीत खिडक्या बेताच्याच असणार. मोठी काच समुद्रमार्गे आणणे खर्चाचे, आणि प्रवासात ती फुटण्याची धास्ती वेगळी.

हाताशी होता तो खाडीतला शिंपला. शास्त्रज्ञ त्याला प्लॅकुना प्लॅसेंटा म्हणतात. तो चपटा, गोल आणि इतका पातळ असतो की त्यातून उजेड झिरपतो. कडा कापून त्याचे लहान चौकोन करायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकामागून एक सरकवायचे, अशी ही रीत. 1608 ते 1610 या काळात गोव्यात राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने काचेऐवजी वापरलेल्या या शिंपल्यांची नोंद करून ठेवली आहे. खिडकीतला एखादा चौकोन निखळला तर तेवढाच बदलता येई, आणि तोही गावातल्या सुताराला.

2014 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी याच शिंपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या वजनात सुमारे 99 टक्के कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, असते, तरी निव्वळ कॅल्साइटपेक्षा तो कितीतरी चिवट असतो, आणि दृश्य प्रकाशाचा सुमारे 80 टक्के भाग त्यातून पार होतो. दुपारचे झगझगीत ऊन या खिडकीतून आत येते ते दुधाळ, मऊ होऊन, आणि त्या उजेडात वेदीवरचे सोने डोळ्यांना न टोचता उजळते. माझ्या मते गोव्याच्या हवेला इतकी साजेशी दुसरी खिडकी झालीच नाही.

रंगीत काचेला अनुकूल काळ आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याची वाट मुंबईवरून गेली असावी असे मला वाटते. इंग्रजांच्या मुंबईत गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन जोरात होते. कुलाब्याचे अफगाण चर्च 1858 मध्ये अर्पण झाले, आणि त्याची काचचित्रे इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या कार्यशाळेतली. नोकरीधंद्यासाठी मुंबईत गेलेल्या गोवेकरांच्या डोळ्यांसमोर हे सारे होते. इकडे पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर 1835 पासून जुन्या गोव्यातले मठ ओस पडत गेले. 1873 साली बार्देशातल्या साळगावात टोकदार कमानींचे आणि निमुळत्या मनोऱ्यांचे मॅय द देऊश चर्च उभे राहिले. वेदीवरची मारियेची मूर्ती मात्र डौजी इथल्या पडक्या मठातून आणलेली. नव्या धाटणीच्या वास्तूत जुनी श्रद्धा अशी सुखरूप राहिली.

रंगीत काच चर्चपुरती राहिली नाही, हे आपण मराठी माणसे कवळ्याला गेल्यावर सहज पाहतो. श्री शांतादुर्गेचे देऊळ शाहू महाराजांच्या काळात, 1738 च्या सुमारास, नारो राम मंत्री यांच्या पुढाकाराने बांधले गेले. त्याच्या अर्धगोल कमानींच्या खिडक्यांत लाल, पिवळ्या, निळ्या काचा आहेत. त्यांवर चित्र नाही, कथा नाही, नुसता रंग. गोव्यातल्या जुन्या वाड्यांच्या कमानींतही अशाच काचा दिसतात, मग घर हिंदूचे असो वा ख्रिस्ती.

खरी चिंता शिंपल्यांच्या खिडक्यांची आहे. दुरुस्तीला काढलेली खिडकी परत बसवताना साधी काच लावणे सोपे आणि स्वस्त पडते, त्यामुळे एकेक खिडकी जाते. नवा शिंपला सहज मिळत नाही. जुवारीच्या मुखाजवळचा चिखलीचा उपसागर हे त्याचे गोव्यातले प्रसिद्ध ठिकाण, आणि 2001 पासून हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जिवांच्या यादीत आहे. ते योग्यच आहे, कारण जिवंत शिंपला खाडीतच राहायला हवा. म्हणून पाडलेल्या घरांच्या खिडक्यांतले जुने चौकोन सोडवून जपून ठेवणे आणि चर्चच्या दुरुस्तीत तेच वापरणे, हा मार्ग उरतो. पॅरिशच्या दुरुस्ती-समित्यांनी ठेकेदाराला काम देतानाच ही अट लेखी घालायला हवी.