गाठ काढली, मग पाच वर्षं गोळी कशाला?

"ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आले, मग आता रोज गोळी कशाला?" असं घरचेच म्हणतात आणि स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेली बाई वर्षभरात गोळी सोडून देते, हे ऐकलं की जीव तुटतो. गाठ गेली तरी तिच्यातून आधीच सुटलेल्या मोजक्या पेशी हाडात, लिव्हरमधे दडून असू शकतात, स्कॅनवर दिसतही नाहीत. कॅन्सर ईआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्याच्या पेशींत इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनला पकडणारा रिसेप्टर असेल, तर ह्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात, कधी कधी दहा वर्षांनीसुद्धा उठतात. टॅमॉक्सिफेन ही रोजची गोळी त्यांच्यासाठी आहे.

1962 साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी हे रसायन बनवलं तेव्हा शोध गर्भनिरोधकाचा चालू होता, पण ह्याने बायकांमधे उलट बीज सुटायलाच मदत होते असं निघालं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, ही गोळी काम कशी करते. पेशीतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला एक झाकण असतं, हेलिक्स 12. इस्ट्रोजेन आत बसलं की झाकण लागतं, त्याच्या कडेला एक खाच तयार होते, खाचेत को-अॅक्टिव्हेटर प्रोटीन येऊन बसतं आणि मग पेशी वाढवणारे जीन चालू होतात. टॅमॉक्सिफेन त्याच जागेत शिरतं पण त्याची एक लांब शेपटी बाहेर राहते, डब्यात चमचा राहिला की दांडा आडवा येतो ना, तसं, त्यामुळे झाकण लागत नाही आणि सरकून नेमकं त्या खाचेतच जाऊन पडतं. को-अॅक्टिव्हेटरला जागाच उरत नाही!

पाच वर्षं गोळी घेतली तर ईआर पॉझिटिव्ह बायकांमधे 15 वर्षांतले कॅन्सरचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. व्हॉट्सअॅपवरच्या कुठल्याही काढ्याने हे करून दाखवलेलं नाही, त्यापायी गोळी सोडू नका.

गर्भाशयात मात्र हेच औषध थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतं, कारण तिथे को-अॅक्टिव्हेटरांचं प्रमाण वेगळं आणि रिसेप्टरचं जीन चालू करणारं दुसरं टोक, एएफ-1, चालूच असतं. म्हणून पाळी गेल्यावर परत रक्त गेलं तर थांबू नका, लगेच दाखवा. पाळी गेलेल्यांना बरेचदा लेट्रोझोल देतात, ते इस्ट्रोजेन बनूच देत नाही, पण हाडं ठिसूळ करतं, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. आणि डिप्रेशनसाठी पॅरॉक्सेटिन चालू असेल तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने लिव्हरमधे टॅमॉक्सिफेनचं असरदार रूप कमी बनतं.