पूर्वस्थापित अ‍ॅप्स आणि खासगीपणा

नवा फोन पहिल्यांदा सुरू केला की त्यात निर्मात्याने आधीच भरून ठेवलेली जी अ‍ॅप्स दिसतात, ती पूर्वस्थापित अ‍ॅप्स. त्यांतल्या नकोशा अ‍ॅप्सना ‘ब्लोटवेअर’ म्हणतात. डायलर, कॅमेरा, घड्याळ हीसुद्धा पूर्वस्थापितच, पण त्यांच्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. कुरकुर असते ती दुसरे अ‍ॅप स्टोअर, खेळ, बातम्यांचे फीड आणि लॉकस्क्रीनवरच्या जाहिरातींबद्दल. स्वस्त फोनमध्ये त्यांचा भरणा जास्त असतो. तिथे हँडसेटवर नफा थोडाच सुटतो. अ‍ॅप भरण्याचे आणि जाहिराती दाखवण्याचे पैसे ती तूट भरून काढतात.

अँड्रॉइड फोनमध्ये असे अ‍ॅप कुठे बसवले आहे यावर पुढचे सगळे ठरते. काही अ‍ॅप्स डेटा पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे फोनच्या साठवणीचा एक कप्पा) असतात, म्हणजे आपण स्वतः घेतलेल्या अ‍ॅप्सच्या शेजारी. ती सरळ काढता येतात. बाकीची सिस्टीम पार्टिशनमध्ये असतात. हा भाग फोन चालू असताना फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. फॅक्टरी रीसेट डेटा पार्टिशन पुसतो, सिस्टीमला हात लावत नाही; म्हणून रीसेटनंतर ही मंडळी पुन्हा हजर. कोणते अ‍ॅप कुठले, हे ओळखायला सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचे पान उघडावे. तिथे ‘अनइन्स्टॉल’चे बटण असेल तर प्रश्न मिटला. त्या जागी ‘डिसेबल’ असेल तर अ‍ॅप सिस्टीममधले आहे. ते झोपवता येते, हाकलता येत नाही. बटणच करडे असेल तर निर्मात्याने तीही सोय काढून घेतली आहे.

खासगीपणाचा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे. आपण घेतलेले अ‍ॅप संपर्क किंवा स्थान वाचण्याआधी विचारते. सिस्टीममधल्या अ‍ॅपला काही परवानग्या निर्माता कारखान्यातच देऊन टाकू शकतो, आणि परवानगी विचारणाऱ्या खिडक्या वापरणाऱ्याला कधी दिसतच नाहीत. शिवाय काही अधिकार फक्त विशेषाधिकार असलेल्या सिस्टीम अ‍ॅप्सनाच मिळतात: न विचारता दुसरे अ‍ॅप बसवणे, किंवा आयएमईआय (फोनचा कायमचा ओळख क्रमांक) वाचणे, जे अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅप्सना बंद आहे. जाहिरातदाराला आयएमईआय सोन्यासारखा. रीसेट केला तरी तो बदलत नाही.

माद्रिदच्या इम्डिया नेटवर्क्स आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी २०० हून अधिक ब्रँडच्या १,७०० वर फोनमधली पूर्वस्थापित अ‍ॅप्स तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निर्माते, दूरसंचार कंपन्या, जाहिरात आणि विश्लेषण कंपन्या यांचे एकमेकांत गुंतलेले जाळे दिसले. त्या जाळ्याला वापरणाऱ्याची संमती कुठेच लागत नव्हती.

सगळ्यात बोलके उदाहरण २०१६ चे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्लू आर१ एचडी या स्वस्त फोनमध्ये अडअप्स या चिनी कंपनीचे सॉफ्टवेअर एसएमएसचा पूर्ण मजकूर आणि कॉलची यादी दर ७२ तासांनी चीनमधल्या सर्व्हरवर पाठवत होते. क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीने ते पकडले. हे सॉफ्टवेअर सिस्टीम अपडेट आणून देणारे होते, म्हणजे फोनला हवेच असे काम करणारे. होमस्क्रीनवरचा खेळाचा आयकॉन डोळ्यांत खुपतो, पण धोका बहुतेकदा आयकॉन नसलेल्या अ‍ॅपमध्ये असतो.

भारतात हा विषय दोन वाटांनी पुढे आला. स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि पूर्वस्थापित गूगल अ‍ॅप्स काढण्यावर बंधन नको, असाही आदेश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा आदेश रद्द ठरवला. दुसरी वाट सरकारची. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने ‘संचार साथी’ अ‍ॅप ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये घालायला सांगितले. खासगीपणाच्या मुद्द्यावर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. चोरीचा फोन शोधून देणारे अ‍ॅप उपयोगीच आहे, पण त्याच्या कार्यांवर बंधन घालता येऊ नये अशी अट असली की ते वापरणाऱ्याचे राहत नाही. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून ‘गेटकीपर’, म्हणजे बाजारावर मोठी पकड असलेल्या, ठरलेल्या कंपन्यांना अ‍ॅप सहज काढू देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमला अत्यावश्यक असलेली तेवढी वगळून.

काढण्याची सुरुवात ‘डिसेबल’पासून करावी. त्याआधी तीन टिंबांच्या मेनूतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दाबले तर अपडेटने खाल्लेली जागा मोकळी होते. मूळ फाइल सिस्टीममध्येच राहते. शाओमीच्या फोनमध्ये जाहिराती दाखवणाऱ्या ‘एमएसए’ या सिस्टीम अ‍ॅपची परवानगी सेटिंग्जमधल्या ‘ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन’मध्ये बंद करता येते. दहा सेकंदांची उलटी मोजणी होते आणि बरेचदा पहिल्या झटक्यात जमत नाही. पुन्हा पुन्हा करावे लागते.

‘डिसेबल’ही नसेल तर एडीबी, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचे साधन. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडावेत आणि यूएसबी डीबगिंग सुरू करावे. शाओमीत बिल्ड नंबरऐवजी सिस्टीमच्या आवृत्तीवर टॅप करावे लागते. एडीबी ज्यात असते ती गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ संगणकावर उतरवून केबल जोडावी. एडीबीने दाखवलेल्या जोडलेल्या फोनच्या यादीत फोनपुढे ‘अनऑथराइज्ड’ दिसले तर फोनच्या पडद्यावर आलेल्या खिडकीला होकार द्यायचा राहिला आहे. मग पॅकेज मॅनेजरच्या अनइन्स्टॉल आज्ञेत ‘युजर ०’ आणि पॅकेजचे, म्हणजे अ‍ॅपचे सिस्टीममधले, नाव द्यावे. शून्य म्हणजे फोनचा मुख्य वापरकर्ता. अ‍ॅप फक्त त्याच्यापुरते जाते. म्हणूनच ते ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ आज्ञेने परत आणता येते.

नावावरून अंदाज बांधून पॅकेजे उडवू नयेत. शाओमीच्या काही फोनमध्ये ‘फाइंड डिव्हाइस’ काढले की फोन सुरू होताना चक्रात अडकतो, आणि मग रीसेटशिवाय, म्हणजे डेटा गमावल्याशिवाय, सुटका नसते. एका वेळी दोन-तीन पॅकेजे काढून फोन बंद-चालू करून पाहावा आणि काढलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. काम झाले की यूएसबी डीबगिंग बंद करावे. ते चालू दिसले तर बँकांची काही अ‍ॅप्स उघडतच नाहीत.